तात्यांच्या हातात माइक

पिरंगुट-भरेकडच्या लग्नांत माइक सांभाळणाऱ्याला एक सूचना आधीच मिळालेली असते: दगडूतात्यांच्या हातात माइक द्यायचा नाही.

तरी तो जातोच. तात्या कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून थेट पुढच्या सोफ्यावर, पुढाऱ्यांच्या ओळीत बसतात. सूत्रसंचालक बाहेरगावचा असला की फसतो. "ज्येष्ठ सामाजिक कार्यकर्ते" म्हणून पुकारतो, फेटा बांधला जातो, नारळ मिळतो आणि मागोमाग माइकही. तात्या वधूवरांना एका वाक्यात आशीर्वाद देतात आणि म्हणतात, "आता कायद्याचं बोलूया."

मग कारखान्यात जखमी झालेल्या कामगाराचा विषय. मागणी एकच. ज्या दिवशी लागलं त्या दिवसापासून दवाखाना आणि पगार चालू. पैसे कंपनीने भरायचे की ठेकेदाराने, हे भांडण त्यांनी मागाहून करावं, तसा कायदाच पाहिजे. "आत्ताबी कायदा हाय की," ते म्हणतात, "पर जखम भरल्यावर येतोय." दशक्रियेलाही तेच. श्रद्धांजली एका ओळीत, बाकी कायदा. एकदा घाटावर कावळा शिवेना, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, तात्यांचं भाषण संपू द्या, मग येईल.

मी त्यांचा भाडेकरू. परभणीकडचा, नववीतून शाळा सोडलेला, ठेकेदारामार्फत कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला. स्वभाव मुळात भित्रा. तात्यांच्या घरून, म्हणजे काकूंकडून, अधूनमधून जेवायचं बोलावणं यायचं. काकू उजवा हात पदराखाली ठेवून डाव्या हाताने वाढायच्या. मला वाटलं, इकडची पद्धत असेल. मग मीही मुकाट्याने डाव्या हाताने पाणी द्यायला लागलो. तात्यांनी एकदा माझ्याकडे रोखून पाहिलं.

पुढे प्रेसमध्ये माझी दोन बोटं सापडली. तात्यांनीच स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. कंपनी म्हणाली, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, मशीन कंपनीची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला उशीर झाला तर बोटं वाकणार नाहीत. मला बोटांपेक्षा नोकरीची धास्ती. म्हटलं, तात्या, राहू द्या, काढून टाकतील. तात्यांनी स्कूटर सुरू केली. घरी आल्यावर इस्त्री तापवायला घेतली.

कारण दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या पुतण्याचं लग्न होतं.

सूत्रसंचालक बाहेरगावचाच निघाला. फेटा झाला, नारळ झाला, आशीर्वाद झाला. मी मठ्ठ्याचा ग्लास घेऊन खांबाआड उभा होतो, तर तात्यांनी मला स्टेजवर बोलावलं आणि माझा बँडेज बांधलेला हात वर धरला.

"ह्यो हात कंपनीचा न्हाई म्हणत्यात. ठेकेदाराचाबी न्हाई म्हणत्यात. म्हंजी बेवारस हाय. कुणाला न्यायचा असंल त्यानं न्यावा."

अख्ख्या मांडवाच्या माना वळल्या. नवरदेवसुद्धा माझ्या हाताकडे बघायला लागला. गुलाबी फेट्यातला ठेकेदार घाम पुसत स्टेजवर आला आणि माझ्या कानात म्हणाला, उद्या सकाळी ऑपरेशन, पगार चालू, आता खाली उतर. मी रडायला लागलो. फोटोवाल्याने नेमका तेवढा फोटो काढला. कुणाच्या तरी अल्बममध्ये मी अजून रडत असेन.

परतताना स्कूटरवर मागे बसून मी त्यांचे उपकार मानत होतो. तात्या वैतागलेलेच.

"तुझं जमलं रं. पर दर हाताला एक लगीन कुटनं आणायचं?"

बोटं वाचली. टाके निघाल्यावर सकाळीच पेढे घेऊन गेलो. दार उघडंच होतं. काकू उंबऱ्यापाशी उन्हात बसल्या होत्या आणि मागे बसून तात्या त्यांची वेणी घालत होते. काकूंचा उजवा हात पहिल्यांदाच पदराबाहेर होता. मनगटापुढे काही नव्हतं.

मला पाहून त्यांनी तो झाकला नाही. मीबी पॅकिंगच्या मशीनवर हुते, ठेकेदाराकडंच, असं सहज म्हणाल्या. मग मागे मान करून हसल्या.

"माइकवर माजं नाव घ्यायचं न्हाई, असं मीच सांगितलंय ह्यास्नी. तेवढं एक ऐकत्यात."

तात्यांनी वेणीचा पेड घट्ट ओढला. दातांत पिना धरल्या होत्या. डोळ्यांनीच मला बस म्हणाले. शेवटची पिन खोचली, जरा लांबून वेणी पाहिली, मान हलवली आणि सगळी सोडून पुन्हा घालायला घेतली.