मोरेश्वरदादांची बाय

माणसाला गाणं ऐकायचं असलं की तो स्पीकर घरात ठेवतो की नाही? आमच्या बोईसरच्या चाळीतले मोरेश्वरदादा तो बाहेर ओट्यावर मांडायचे, तोंड चाळीकडे! आणि स्वतः सगळ्यांत लांबच्या, म्हणजे आमच्या, पायरीवर येऊन बसायचे. ‘हितवर ऐकू येतं ना, भाऊ?’ आता काय बोलणार? आमच्या फडताळातल्या बशा वाजत होत्या.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. दादा जातीचे कोळी, पण होडी भावांकडे सोडून कारखान्यात बॉयलरवर लागलेले. त्यांच्याकडे रेकॉर्ड एकच. कुणा अमेरिकेतल्या काळ्या बाईची. कारखान्यातल्या साहेबानं त्यांना सांगितलं होतं, ह्या गाण्याला तिकडे सोल म्हणतात, सोल म्हणजे आत्मा, आणि बाईची ही पहिलीच रेकॉर्ड. दादा तिला ‘बाय’ म्हणायचे. ‘आज बाय जरा थकलेली वाटते,’ असं इतक्या काळजीनं सांगायचे की वाटे, आत जाऊन चहा देऊन येतील.

इंग्रजीचा गंध नाही, पण अर्थ सांगायची भारी हौस. ‘हे गानं होड्या परत नाय आल्या त्याचं.’ पुढच्या रविवारी तेच गाणं जावयाला कोंबडी कापली त्याचं! मी म्हटलं, ‘दादा, मागच्या खेपेला तर होड्या बुडाल्या होत्या.’

‘गानं तेच हाय. पन बाय आज खुशीत हाय,’ दादा म्हणाले.

त्या बाईचा आवाज म्हणजे काय सांगू! जाडा, खरखरीत, पोटातून वर येणारा. आमची आई सगळ्यांत जास्त वैतागायची. ‘अहो, त्या बयेला कुणीतरी आल्याचा काढा द्या हो!’ दादा हसायचे आणि पुन्हा सुई ठेवायचे. रात्रपाळी असली तर सकाळी घरी येऊन, तोंड धुवायच्या आत बाय सुरू. पण गंमत बघा, सहा-आठ महिन्यांनी हीच आई तांदूळ निवडताना तेच गाणं गुणगुणत होती. मी हसलो तर सूप उगारलं माझ्यावर.

एकदा मला कळलं, की बाईच्या पुढे बऱ्याच रेकॉर्डी निघाल्या. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, ‘दादा, मुंबईहून आणून देऊ?’

‘नको. हिच्यात बाय घाबरलेली हाय, तरी गाते. मला हीच पायजे.’

विक्षिप्त माणूस! मी नाद सोडला.

मग ताईचं लग्न ठरलं. हळदीच्या चार दिवस आधी दादा आले, ते पायरीवर न बसता थेट आत. आईसमोर उभे राहिले, टोपी हातात. ‘वयनी, एक मागनं हाय. हळदीला आमच्या मंजीला एक गानं म्हनू द्या.’

मंजुळा म्हणजे त्यांची मुलगी, पंधरा-सोळा वर्षांची. आम्ही तिला फक्त मान हलवताना पाहिलेलं. ती गाते?

‘तिचा आवाज जाडा हाय,’ दादा म्हणाले. ‘शाळेतल्या बाईंनी सांगितलं, प्रार्थनेला तू नुसते ओठ हलव. पोरी हसल्या. तवापासून पोर बोलायचीच बंद झाली, वयनी. घरात गाते, दार लावून. एकदा चोरबाजारात भावांच्या होडीसाठी इंजिनचा पार्ट बघायला गेलो, तर एका दुकानात आमची मंजी गाते! आत धावलो. बघतो तर ही बाय. दुकानदार म्हनाला, हिच्यासाठी लोक तिकडं रांगा लावतात. म्हटलं, चाळीच्या कानांना जरा सवय लावू. मग आपली पोर गायली तर कोन हसनार नाय.’

आईनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, ‘अहो भावजी, एक कशाला? चांगली दोन म्हणू दे.’

हळदीच्या संध्याकाळी मंजुळा मांडवात आली तेव्हा तिच्यापेक्षा आम्हीच घाबरलो होतो. तिनं सुरुवात केली. आवाज कापत होता, पण होता तसाच, भरदार. चाळ शांतपणे ऐकत होती. घात झाला तो आमच्याच माणसाकडून. शिरगावहून आलेल्या मावशीला कुठली सवय असणार? ती पदर तोंडाला लावून खुदकन हसली. मंजुळा थांबली. खांबाशी उभ्या दादांचा चेहरा मला बघवेना.

‘हसायला काय झालं गं?’ आई कडाडली. ‘बाईचा आवाज असाही असतो! म्हण गं पोरी. नवरी माझी आहे, मी सांगते, म्हण.’ आणि हळदीच्या हातानं तिनं मंजुळाची हनुवटी वर केली.

मग जी गायली पोरगी! कोळीवाड्यातलं जुनं हळदीचं गाणं, शंभरदा ऐकलेलं, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. ताई तर पाटावर मुसमुसून रडायला लागली. दुसरं झालं, तिसरं झालं, बायका उठूच देईनात.

शेवटी मावशी सरकत सरकत तिच्याजवळ गेली. ‘माझ्या पुतणीची हळद आहे वैशाखात, शिरगावला. येशील का गं गायला?’

मंजुळानं मान हलवली नाही. ‘येईन की!’ म्हणाली, एवढ्या खणखणीत आवाजात की आचाऱ्यांनीसुद्धा वळून बघितलं. आणि मोरेश्वरदादा मांडवातच खाली बसले आणि सगळ्यांसमोर पोरासारखे रडले.