टाच, तळवा, अंगठा

आयुष्यात मी एकाही परीक्षेत नापास झालेलो नाही. हे अभिमानाने सांगतो, कारण अभिमानाने सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही. याचा हुशारीशी संबंध नाही, भीतीशी आहे. परीक्षा म्हटली की मी पाठ करतो. म्हणूनच जोड्यांच्या दुकानात माझ्या पायांची परीक्षा होणार असं कळलं, तेव्हा मनात म्हटलं, बघू या कोण नापास करतो ते!

झालं असं की आमची नात उन्नती, इयत्ता तिसरी, हिच्या शाळेने आजी-आजोबा आणि नातवंडांची तीन किलोमीटरची दौड ठेवली. जोडीला एकच आजी किंवा एकच आजोबा. उन्नतीने घरात कोणाला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मला आजवर कोणीही कुठल्याही संघात घेतलेलं नाही. शाळेत मुलं क्रिकेट खेळायची तेव्हा मी धावा लिहायचो. त्यामुळे ते नावांचं पत्रक मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा चष्मा पुसून वाचलं.

पण आमचे चिरंजीव केयूर खापरखेड्याच्या वीज केंद्रात सुरक्षा विभागात आहेत. त्याला घरातल्या कुकरचीसुद्धा तपासणी लागते. त्याने फर्मान काढलं. धरमपेठेत एक दुकान आहे, तिथे जोडे विकण्याआधी माणसाला ट्रेडमिलवर चालवतात, मागून कॅमेरा लावतात आणि पाऊल कसं पडतं ते छापून देतात. तो कागद चांगला निघाला तर बाबा धावतील. पाऊल वाकडं निघालं तर नाव कापायचं.

उन्नतीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला नजरेने सांगितलं, तपासणीला आठ दिवस आहेत.

चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली असल्यामुळे मला एवढंच येतं: पुस्तक शोधणं. तीन सापडली. त्यातल्या एकात आदर्श पावलाचं प्रकरण होतं. आधी टाच, मग तळवा, शेवटी अंगठा. पाऊल सरळ, खांदे सरळ, नजर समोर. मी टिपणं काढली, गच्चीवर खडूने रेघ मारली आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यावरून चालू लागलो. तोंडाने जप चालू: टाच, तळवा, अंगठा. तिसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जातानाही मी आदर्श पावलानेच जाऊ लागलो. पाठांतरात खंड पडता कामा नये.

आमच्या समोरच्या गॅलरीत रंभाबाई राहतात. त्या कपडे वाळत घालायला म्हणून उभ्या असतात, पण त्यांच्या बादलीतले कपडे कधी संपलेले मी पाहिले नाहीत. त्यांना गच्चीवर काय दिसलं? एक म्हातारा ताठ मानेने, लाकडी पाय लावल्यासारखा चालतो आहे आणि त्याचे ओठ हलताहेत. पाचव्या दिवशी त्या तिळाच्या तेलाची बाटली घेऊन घरात आल्या आणि आमच्या हिला, म्हणजे यमूला, हळूच म्हणाल्या, "यमुताई, भाऊजींले लकवा येऊन गेला अन् तुम्ही लपवून राहिल्या. आम्ही काय परके आहो का?"

संध्याकाळपर्यंत कॉलनीतली सात माणसं भेटून गेली. सगळ्यांनी संत्री आणली. एकाने माझा डावा हात उचलून सोडून पाहिला. मला काहीही झालेलं नाही असं मी म्हणालो, पण मी मुळात इतकं हळू बोलतो की त्यांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. वाचाही गेली, असं ठरलं.

केयूर घरी आला तर टेबलावर संत्र्यांचा ढीग. त्याने नाव कापायला पेनच काढलं. उन्नती रडू लागली. शेवटी यमू मध्ये पडली आणि तपासणी होईपर्यंत पेन खिशात गेलं. आता सगळं त्या कागदावर अवलंबून होतं.

दुकानात गौरांग नावाचा उंच तरुण होता. त्याने मला अनवाणी ट्रेडमिलवर चढवलं. पट्टा सरकू लागला. पाठांतर पक्कं होतं. टाच, तळवा, अंगठा! गौरांग स्क्रीनकडे बघतच राहिला. असं सरळ पाऊल आपण फक्त कंपनीच्या प्रशिक्षणात चित्रात पाहिलं होतं, असं तो म्हणाला. कागद छापून निघाला, त्याला साजेसे जोडे मिळाले. घरी आल्यावर तो कागद उन्नतीने फ्रिजवर लावला. मी पहिल्या श्रेणीत पास झालो होतो.

दुसऱ्या दिवशी कॉलनीभोवती सरावाला निघालो. पहिली फेरी आदर्श झाली. दुसरीत दम लागला आणि दम लागल्यावर पाठ केलेलं कोणाला आठवतं? पाय आपल्या जुन्या वळणावर गेले. जोडे मात्र आदर्श माणसासाठी घेतलेले. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. दोन्ही पायांना फोड आले आणि मी लंगडत घरी परतलो. गॅलरीतून रंभाबाईंनी पाहिलं आणि बादली खाली ठेवली.

दौडीला चार दिवस उरले होते. यमूला आणि उन्नतीला घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो आणि मान खाली घालून सगळं कबूल केलं. गौरांगने वाकून माझ्या पायांचे फोड पाहिले.

"काका, ही परीक्षा नव्हती," तो म्हणाला. "जसे चालता तसे जोडे द्यायचे असतात. चढा, अन् रोज चालता तसं चाला."

मी चढलो. पट्टा सुरू झाला. आणि माझ्या लक्षात आलं की रोज मी कसा चालतो, ते मला आठवत नाही! आठ दिवसांच्या घोकंपट्टीने अडुसष्ट वर्षांची चाल पुसून टाकली होती. उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जाऊ लागला. मग दोन्ही हात. मग ट्रेडमिल पुढे नि मी मागे, मोज्यांच्या टोपलीत.

"बाजूला व्हा," यमू म्हणाली. तिने पदर खोचला, चपला काढल्या आणि ट्रेडमिलवर चढली. "बेचाळीस वर्षं यांच्या मागून चालून राहिली मी. मले नाही माहीत तर कोणाले?"

ती चालू लागली. उजवा खांदा पुढे, अंग तिरपं, टाचा न टेकवता चवड्यांवर. जणू दोन कपाटांमधल्या अरुंद वाटेतून, कोणाच्या वाचनात व्यत्यय न आणता जायचं आहे. मधूनच मान वाकडी, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचावीत तशी.

"आजोबा!" उन्नती टाळ्या वाजवत ओरडली.

दुकानातलं एक गिऱ्हाईकही एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून समजल्यासारखं हसलं. मी मोज्यांच्या टोपलीत बसून स्वतःला प्रथमच चालताना पाहत होतो. असा चालतो होय मी? बरं नाही दिसत. पण चवड्यांवर पडणारी पावलं धावायला काही वाईट नाहीत, असं गौरांग म्हणाला. त्याने यमूच्या चालीचा कागद छापला, माझ्या मापाचे दुसरे जोडे काढले आणि ते पायात इतके चपखल बसले की मी ओशाळलो.

मग तीन दिवस रोज सकाळी गच्चीवर उजळणी. पुढे यमू माझी चाल करून दाखवायची, मागे मी तिचं बघून चालायचो.

रविवारी अंबाझरीच्या रस्त्यावर मी आणि उन्नती तीन किलोमीटर धावलो. शेवटून दुसरे आलो. आमच्या मागचे आजोबा तर्री-पोहे खायला थांबले होते, हे सांगायला हवंच असं नाही. पदक सगळ्यांनाच होतं, तरी मी ते गळ्यात घालून घरी आलो.

फाटकात रंभाबाई तेलाच्या दोन बाटल्या घेऊन उभ्या होत्या. तीन दिवस त्यांनी सकाळचा देखावा पाहिला होता.

"भाऊजी, आता यमुताईंलेही झालं," त्या म्हणाल्या. "एकाचं दुसऱ्याले लागून राहिलं हे. लेकराले तेवढं दूर ठेवा, गा."

एवढ्यात उन्नती फाटकातून आत आली. तीन किलोमीटर ती माझ्याकडे बघत धावली होती. उजवा खांदा पुढे, अंग तिरपं, चवड्यांवर.

रंभाबाईंनी पदर नाकाला लावला. संध्याकाळपासून पुन्हा संत्री येऊ लागली आहेत.