परसातली लिफ्ट

"जावईबापू, तुम्ही दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू चालू करता. स्वतः एक तरी वस्तू केलीय का?" सासऱ्यांनी विचारलं आणि शांतपणे चहा संपवला. सासरे सुतार होते. घरातली प्रत्येक खुर्ची त्यांनीच केलेली, त्यामुळे अपमान झाल्यावर बसायलासुद्धा जावयाला त्यांच्याच खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की परसातल्या शेकोटीच्या खड्ड्यावर तो स्वतःच्या हाताने भाजायची जाळी उभारणार आणि रविवारी सगळ्यांना तिच्यावरचं जेवू घालणार.

"चार विटा मांडा आणि वर जाळी टाका की," बायको म्हणाली.

"मग ती खालीवर कशी होणार?"

"अहो, पण जाळीला जायचंय कुठे?"

लिफ्टवाल्याला असं काही विचारू नये. त्याने लोखंडी पाइपांची चौकट उभारली, ती थेट वरच्या गॅलरीपर्यंत गेली. टोकाला कप्पी बसवली. साखळीच्या एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाची बादली. आदल्या दिवशी त्याने जाळीवर सगळं कच्चं जेवण मांडून पाहिलं, कोंबडी, बटाटे, कणसं, आणि त्याच्याशी जुळेल इतकं सिमेंट बादलीत ओतून घट्ट होऊ दिलं.

"वाळू भरा ना, कमीजास्त तरी करता येईल," बायको म्हणाली.

"लिफ्टच्या वजनाला कुणी हात लावायचा नसतो."

रविवारी मांडामांड होईपर्यंत जाळी बायकोने दाबून धरली. तिला तेव्हाच शंका आली होती, पण तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

विस्तव पेटला. जाळी बोटाच्या धक्क्याने खाली जायची, हवी तिथे थांबायची. सासऱ्यांनी एकदाच मान डोलावली. सासऱ्यांच्या हिशेबात हे म्हणजे उभं राहून टाळ्या वाजवल्यासारखंच.

कोंबडी भाजून झाल्यावर त्यांनी एक तंगडी उचलली. जाळी अदबीने ढोपरभर वर सरकली.

"बाबा, थांबा! घेऊ नका!" जावई ओरडला.

"जेवायला बोलावलंय ना?"

"हो, पण एक घेतलं की त्याच्या जागी दगड ठेवायचा."

"कणीस खायला मी दगड वेचत फिरू?" सासूबाई म्हणाल्या आणि दगड न ठेवता दोन कणसं घेतली. जाळी सासऱ्यांच्या टोपीच्या उंचीला पोहोचली. आता ती तापून लाल झाली होती, हात लावायची सोय नव्हती. सासऱ्यांनी चिमट्याने एक बटाटा ओढला आणि उरलेलं जेवण गॅलरीकडे निघालं.

"राहू दे, मी पोळ्या टाकते," बायको म्हणाली.

"पोळ्या टाकायच्या नाहीत!" जावई गरजला. त्याने बादलीला मिठी मारली आणि ती छातीपर्यंत उचलली. जाळी खाली आली. "आता जेवा. सावकाश जेवा. मी आहे."

ते जेवत गेले, तशी बादली जड होत गेली. जावयाचे कान लाल झाले, पण चेहरा कामावर असल्यासारखाच राहिला.

"अहो, ठेवा ना ती खाली."

"शेवटच्या... तुकड्यापर्यंत... सेवा चालू राहील."

सासरे हाडूक चघळत चौकटीभोवती फिरले. जोड दाबून पाहिले, कप्पीकडे बघितलं, पाइपावर टिचकी मारली. जाळीवर आता एकच तंगडी उरली होती. तिच्याकडे चिमटा नेता नेता ते म्हणाले, "जावईबापू, बनवता येतं हो तुम्हाला..."

"ऐकलंस?" जावयाने बायकोकडे वळून दोन्ही हात आनंदाने फैलावले.

बादली दाणकन आपटली. तंगडी सासऱ्यांच्या नाकासमोरून वर गेली आणि थेट कप्पीला जाऊन थडकली. सासऱ्यांनी मान मागे टाकून तिच्याकडे पाहिलं.

"...थांबवता येत नाही," ते म्हणाले.