चौदाशे सतरा पट्ट्या

"तीन गुण! केवळ तीन गुणांनी इमारत पडली," आबासाहेब म्हणाले. "आता पाया पुन्हा खणायचा."

इमारत म्हणजे त्यांचा मुलगा गोरक्ष. इंटर सायन्सला तीन गुण कमी पडल्यामुळे १९७२ साली वैद्यकीय महाविद्यालयाने त्याला घेतले नव्हते. त्याने एक वर्ष काष्टीला घरी राहून परीक्षेला पुन्हा बसावे आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करावा, असे ठरले होते. आबासाहेब बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. पडलेल्या कामाची कारणमीमांसा केल्याशिवाय नव्या कामाला हात लावायचा नाही, ही त्यांची पस्तीस वर्षांची शिस्त होती. त्यांनी चौकटीच्या कागदावर आडवे-उभे रकाने आखले आणि अर्ज कोठे कच्चा राहिला ते शोधून काढले.

"गुण वाढवायचे, ते एक. दुसरं म्हणजे मुलाखतीत समाजसेवेचे दहा गुण असतात. त्यात तुझं काय आहे? काही नाही. रकाना मोकळा!"

गोरक्षची आई राहीबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अवो, पोरगं हाय ते. पूल न्हाई."

"पूल असता तर मी इतकी काळजी केली नसती," आबासाहेब म्हणाले.

त्या हिवाळ्यात पावसाअभावी तालुक्यात दुष्काळी कामे निघाली होती. काष्टीबाहेरच्या माळावर रस्त्यासाठी खडी फोडण्याचे काम चालू होते आणि तेथे एकशे ऐंशी माणसे होती. नियमाप्रमाणे कामावर प्रथमोपचाराची पेटी आलेली होती. परंतु ती उघडणारे कोणी नसल्यामुळे मुकादम सहादेव तिच्यावर बसून हजेरी घेत असे. आबासाहेबांनी जुन्या ओळखीच्या इंजिनियरला गाठले, मुकादमाला उठवले आणि पेटी गोरक्षच्या ताब्यात दिली. सोबत एक नोंदवही दिली. तिच्यात अनुक्रमांक, नाव, अवयव, तक्रार, उपचार आणि शेरा असे सहा रकाने होते.

"मोसमाअखेर यावरून दाखला घ्यायचा," त्यांनी बजावले. "वही बोलली पाहिजे."

पहिले दोन आठवडे वही एक अक्षरही बोलली नाही. माळावरच्या बायका लहानपणापासून दगडमातीत वावरलेल्या. हातोडा बोटावर बसू देण्याइतकी अडाणी एकही नव्हती. गोरक्ष बाभळीखाली पेटी मांडून प्राणिशास्त्राचे पुस्तक वाचत बसे. शनिवारी बाजार उरकून आबासाहेब वही तपासायला येत आणि कोऱ्या पानाखाली तारखेसह सही करत.

"काम रेंगाळतंय," दुसऱ्या शनिवारी ते म्हणाले.

"कुणाला लागतच नाही, आबा."

"एकशे ऐंशी माणसांत एकालाही लागत नाही? हे शास्त्राला धरून नाही."

सोमवारी गोरक्षने धीर करून बायडाबाईंना हाक मारली. पंचेचाळिशीच्या बायडाबाई बायकांच्या टोळीच्या म्होरक्या होत्या आणि त्यांचा शब्द मुकादमाच्या शिट्टीपेक्षा लांब पोहोचत असे.

"मावशी, जरा बोट देता का? पट्टीचा सराव करायचाय."

"घे की. दहा हायेत," असे म्हणून बायडाबाईंनी हात पुढे केला.

गोरक्षने पुस्तकात पाहून सुबक पट्टी बांधली आणि वहीत लिहिले: 'बायडाबाई. तर्जनी. पट्टी.' तक्रारीचा रकाना त्याने प्रामाणिकपणे कोरा सोडला. बायडाबाई जागेवर परतल्या तोच सहादेवने ती पट्टी पाहिली.

"बायडाबाई, ठेवा हातोडा. पट्टीला हलकं काम, पुरी हजेरी. ह्यो कामावरचा रिवाज हाय. जा, पानी वाटा."

बायडाबाईंनी एकदा पट्टीकडे पाहिले, एकदा सहादेवकडे पाहिले आणि पदर सावरून त्या पाण्याच्या डेऱ्याकडे चालू लागल्या.

मंगळवारी सकाळी बाभळीखाली सहा जणी उभ्या होत्या.

"काय झालंय?" गोरक्षने विचारले.

"ठनकतंय."

"कुठं?"

"जितं बांधशील तितं."

ठणका डोळ्यांना दिसत नाही, ही वैद्यकशास्त्राची जुनी अडचण गोरक्षला त्या दिवशी समजली. त्याने सहाही बोटे बांधली. गुरुवारी वीस झाल्या, शनिवारी पस्तीस. आबासाहेबांनी वही उघडली आणि त्यांचा चष्मा आनंदाने नाकावर घसरला.

"शाबास! पण सगळी बोटंच कशी? दाखल्यात विविधता हवी."

हे शब्द बायडाबाईंनी ऐकले. सोमवारपासून गुडघे, मनगटे आणि दोन कपाळे आली. पेटीतले कापड संपले, तेव्हा आबासाहेब भिंगारला गेले आणि लष्कराच्या लिलावातल्या जुन्या हिरव्या मच्छरदाण्यांचा गठ्ठा घेऊन आले.

"ह्याला भोकं हायेत, आबा," बायडाबाई पट्टी उजेडात धरून म्हणाल्या.

"हवा खेळती राहते," आबासाहेबांनी उत्तर दिले.

चौथ्या आठवड्यात हिरव्या पट्टीची शंभर माणसे हलक्या कामावर होती. त्यांतली साठ पाणी वाटत होती आणि चाळीस जणी झोळ्यांतली पोरे सांभाळत होत्या. पोरे एकंदर चौदा असल्यामुळे ती एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत राहत आणि त्यांना झोप म्हणून मिळत नसे. खडी फोडणाऱ्याला तहान लागण्यापूर्वीच तीन तांबे समोर येत.

"सहादेवदादा, तुम्ही काही बोलत का नाही?" गोरक्षने काकुळतीला येऊन विचारले.

"मी काय बोलनार? पट्टीच्या आत काय हाय ते बघायचा मला अधिकार न्हाई. ते डाक्टरचं खातं. मी वरून मोजनार."

सहावा आठवडा संपला त्या दिवशी आबासाहेबांनी वहीची बेरीज केली. ती चौदाशे सतरा आली. निवृत्त झाले तरी चांगल्या कामाचा अहवाल वरिष्ठांकडे पाठवायचा असतो, हे ते विसरले नव्हते. त्यांनी सुवाच्य अक्षरात गोषवारा तयार केला आणि 'माहितीसाठी सविनय सादर' असे लिहून तालुक्याला रवाना केला.

तालुक्याने तो वाचला आणि तालुका हादरला. एकशे ऐंशी मजूर, सहा आठवडे, चौदाशे सतरा जखमा. म्हणजे प्रत्येक मजूर सरासरी आठ वेळा जायबंदी! ते रस्त्याचे काम आहे की लढाई, असा प्रश्न कोणीतरी विचारला आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी चौकशीस यावे असा हुकूम निघाला.

ही बातमी आली तेव्हा सहादेवने गोरक्षला बाजूला घेतले.

"ऐक. जखमा खऱ्या म्हनलास, तर विंजिनियर सायबाची नोकरी जाती. खोट्या म्हनलास, तर तुझा दाखला जातो. लई अवघड केलं तुज्या बानं. आता तू काय म्हननार?"

"मी डॉक्टर कधी होणार नाही, एवढंच म्हणतो," गोरक्ष म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"रडू नगं," मागून बायडाबाई म्हणाल्या. "आमी संबाळतो सायबाला."

बुधवारी आरोग्य अधिकारी जीपमधून उतरले. उंच, गंभीर, जाड भिंगांचे गृहस्थ. गोषवारा त्यांच्या हातात होता. आबासाहेब कोट घालून त्यांच्या शेजारी चालत होते. साहेब पहिल्याच हिरव्या पट्टीपाशी थांबले. ती बायडाबाईंची होती.

"सोडा ती."

बायडाबाईंनी पट्टी सोडली. आत ठणठणीत तर्जनी होती.

"जखम कुठं आहे?"

"बरी झाली."

"कधी?"

"आत्ताच, सायेब. तुमच्या फुडं. लई गुन हाय पोराच्या हाताला."

साहेबांनी आणखी अकरा पट्ट्या सोडायला लावल्या. अकराही जणी आत्ताच बऱ्या झाल्या होत्या. आबासाहेबांच्या चेहऱ्यावर प्रथम अभिमान होता. पाचव्या पट्टीनंतर तो मावळू लागला आणि बाराव्या पट्टीला त्यांनी कोटाची गुंडी उगीचच काढून पुन्हा लावली.

"मुकादम, खडी फोडताना माणसाला लागतं तरी कसं?" साहेबांनी विचारले.

"तसं लागत न्हाई, सायेब. दगड असा धरायचा, नजर दगडावर ठेवायची—"

"आणा इकडे." साहेबांनी डाव्या हाताने दगड धरला, उजव्या हाताने हातोडा उचलला आणि नजर सहादेववर ठेवली.

कामाच्या इतिहासातली पहिली जखम अशी झाली. अंगठ्याचे नख उलले आणि रक्ताची धार मनगटापर्यंत गेली.

"डाक्टर!" साऱ्या माळाने एकच हाक मारली.

गोरक्ष पेटी घेऊन धावत आला. त्याने अंगठा पाहिला, "साहेब, हे तर खरं—" एवढे तो बोलला आणि पेटीसकट आडवा झाला.

त्याच्याकडे कोणी पाहण्याआधीच बायडाबाईंनी पेटी उघडली होती. त्यांनी स्वच्छ पाण्याने अंगठा धुतला, आयोडीन लावले आणि तळाशी उरलेली पांढरी पट्टी घेऊन तीन वेढे, एक तिढा, दोन वेढे, गाठ, असा बंदोबस्त केला. मग उरलेले पाणी गोरक्षच्या तोंडावर मारले.

साहेबांनी अंगठा वळवून वळवून पाहिला. "बाई, हे कुणी शिकवलं?"

"ह्यानंच की. म्हैनाभर रोज बांधतोय. बघून बघून आलं."

गोरक्ष शुद्धीवर आला तेव्हा साहेब त्याच्याजवळ उकिडवे बसले होते.

"खरं सांग. किती जखमा बांधल्यास?"

गोरक्षने वडिलांकडे पाहिले. मग तो म्हणाला, "एकही नाही, साहेब. पट्ट्या तेवढ्या बांधल्या. चूक माझी आहे, इंजिनियर साहेबांची नाही."

"आणि तरी डॉक्टर व्हायचंय?"

"व्हायचंय."

"शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी आमच्या वर्गात सात जण पडले होते. मी तिसरा," साहेब म्हणाले. त्यांनी कागद मागितला आणि दाखला लिहिला. आबासाहेबांनी तो घेऊन वाचला: 'सदर उमेदवाराने सहा आठवड्यांत १४१७ पट्ट्या बांधल्या. उपचार केलेले रुग्ण: शून्य. खरा रुग्ण समोर येताच उमेदवार स्वतः रुग्ण झाला. विचारले असता खरे बोलला. त्याचे पाहून शिकलेल्या बाईंनी बांधलेली पट्टी निर्दोष आहे.'

पेटी त्या दिवसापासून बायडाबाईंकडे गेली आणि हिरव्या पट्ट्या गुरुवारी सकाळीच संपल्या, कारण बायडाबाई ठणक्याला ओळखत होत्या. मोकळा झालेला गोरक्ष बाभळीखाली अभ्यास करी. मात्र क्वचित कोणाला खरेच खरचटले, की त्या त्याला ओढत नेत.

"बघ. डोळं उघड. पडायचं तर मातीत पड, दगडावर नगं."

दुसऱ्या वेळी तो मातीत पडला. तिसऱ्या वेळी बसला. चौथ्या वेळी त्याने स्वतः आयोडीन लावले.

एप्रिलच्या परीक्षेत त्याचे एकोणीस गुण वाढले. जुलैत मुलाखत होती. आबासाहेबांनी तो दाखला अर्जाच्या अगदी तळाशी लावला होता. परंतु समितीच्या अध्यक्षांनी नेमका तळापासून अर्ज चाळला. त्यांनी दाखला वाचला, शेजारच्या दोघा सदस्यांना दिला आणि हसू लपवायला तिघांनीही तोंडे खिडकीकडे फिरवली.

"सकाळपासून चाळीस दाखले वाचले," शेवटी अध्यक्ष म्हणाले. "साऱ्यांच्या सेवेची बेरीज केली, तर महाराष्ट्रात आजारी पडायला माणूस उरत नाही. हा पहिलाच दाखला, ज्यावर विश्वास ठेवता येतो. दहापैकी किती द्यायचे?"

दहापैकी दहा दिले गेले आणि गोरक्षला प्रवेश मिळाला. बातमी काष्टीत शनिवारी पोहोचली आणि बाजार उठेपर्यंत तालुकाभर झाली.

पुढच्या शनिवारी आबासाहेबांच्या ओट्यावर पुंजाराम नावाचे एक पागोटेवाले शेतकरी पुतण्याला घेऊन येऊन बसले.

"आबासाहेब, आमच्या पोराला बी डाक्टर करायचंय. तेवढा तुमच्यासारका शून्याचा दाखला काडून द्या."

"अहो, तो असा मिळत नसतो," आबासाहेब म्हणाले.

"मिळंल की! ह्या पोरानं जन्मात कुनाचं काय बी बरं केलेलं न्हाई," पुंजाराम अभिमानाने म्हणाले. "पायजे तर समदा गाव सही करून दील."