पट्टी अजून तुटलेली नाही

सातव्यांदा वितळवून बनवलेली नायलॉनची पट्टी चौदा महिने ओढूनही तुटली नव्हती, आणि तिचं पुढचं टोक आता विद्यापीठापासून तीस किलोमीटरवर, नांदूरखुर्दच्या शिवारात पोचलं होतं. मागचं टोक अर्थातच प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या जबड्यात होतं. यात कुणी काही वावगं केलं नव्हतं. पट्टी तुटेपर्यंत मिनिटाला पन्नास मिलिमीटर ओढायची, असा ताण-चाचणीचा नियम आहे. यंत्राची उंची पहिल्याच दिवशी संपली, तेव्हा वरचा जबडा काढून हातगाडीवर बसवला आणि गाडी दाराबाहेर काढली. प्रयोगशाळेतले बोरस्ते आणि आणखी दोघे अशा तीन पाळ्या लागल्या. दिवसाला बहात्तर मीटर व्हायचे.

पीएचडी मंजिरी खैरनारची होती. मोटारींच्या इंजिनातले नायलॉनचे भंगार भाग पुन्हा पुन्हा वितळवले तर त्यांचा दम किती टिकतो, हा तिचा विषय. दर खेपेला प्लॅस्टिक थोडं कमजोर होतं, हे तिने सहा वेळा दाखवलं होतं. सहाव्या खेपेची पट्टी तर दोन मिनिटांत काडकन तुटली होती. सातवी त्याहून लवकर तुटायला हवी होती. मंजिरी रोज व्हर्नियरने तिची जाडी मोजायची, आणि ती पहिल्या दिवसाइतकीच भरायची. मग ती दुसरा व्हर्नियर आणून मोजायची. घरी जाताना आपण बी.ई. तरी नीट केली होती का, अशी शंका तिला यायची.

सहा वर्षांच्या कामात एका तक्त्यातला एकच रकाना रिकामा होता: तुटेपर्यंत लांबीत झालेली वाढ. तो भरल्याशिवाय प्रबंध घेणार नव्हते, आणि एकतीस मार्चनंतर तिची नोंदणीच रद्द होणार होती. तिथे 'अजून तुटली नाही' एवढं लिहिलं तर चालेल का, असं तिने मार्गदर्शक डॉ. उपासनींना विचारलं. रकान्यात फक्त आकडा बसतो, असं ते म्हणाले.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मंजिरी पिशवीत कात्री घालून एसटीने निघाली. रस्त्याकडेचे लोक एव्हाना पट्टीला सरावले होते. ग्रामपंचायतींनी ना हरकत दाखले दिले होते, आणि एका फाट्यावर खालून एसटी जावी म्हणून पट्टीला बांबूचा टेकू दिला होता. सतराव्या किलोमीटरला ती उतरली आणि पट्टीच्या कडेने एका शेतात शिरली. तिथे निवृत्ती सानप नावाचे म्हातारे शेतकरी कांदा काढत होते. त्यांनी तिला ओळखलं आणि आधी प्यायला पाणी दिलं.

मग त्यांनी सांगितलं की धाकट्या भावाशी त्यांचा बांधावरून एकोणीस वर्षं दावा चालला होता. पट्टी नेमकी दोघांच्या मधून गेली. दोघांनी तीच हद्द मानली, दावा काढून घेतला, आणि दिवाळीला भाऊ घरी जेवायला आला.

“ताई, पक्की हाये ना ती?” त्यांनी विचारलं.

“काका, माझ्या अभ्यासाप्रमाणे ती पहिल्याच दिवशी तुटायला हवी होती.”

“मग अभ्यास चुकला म्हणायचा.”

“तेच तर कळत नाही,” असं म्हणताना तिला रडू आलं. काकांनी तिला रडू दिलं आणि ते पुन्हा कांदा काढू लागले. कात्री पिशवीतच परत आली. कापलेली पट्टी तुटलेली धरत नाहीत, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरं होतं, पण कारण ते नव्हतं.

एकोणतीस मार्चला संशोधन समितीची बैठक तीन तास चालली. मंजिरीला पट्टी तुटेपर्यंत तात्पुरती पीएचडी द्यावी, असा ठराव झाला. पट्टी तुटली की आकडा मिळेल, आकडा मिळाला की रिकाम्या रकान्याचा प्रबंध चुकीचा ठरेल, आणि त्यावरची पदवी त्याच दिवशी रद्द होईल. ओढणं थांबवलं तर चाचणी बाद, म्हणजे पदवीही बाद. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, पट्टी का तुटत नाही? मंजिरी म्हणाली, माहीत नाही. त्यांनी 'समाधानकारक' असा शेरा मारला.

आईने गल्लीत पेढे वाटले. मंजिरीला मात्र आनंद करावा की नाही, हेच उमगेना. जी तुटावी म्हणून चौदा महिने नवस बोलली, ती आता तुटू नये म्हणून नवा नवस बोलायचा, की जुनाच परत घ्यायचा? याचा नियम कुणालाच ठाऊक नव्हता.

एक एप्रिलला सकाळी ती नांदूरखुर्दला गाडीपाशी गेली. बोरस्ते एका हाताने दांडी धरून घड्याळ बघत होते.

“मॅडम, तुमचं तर झालं. आता काय करायचं?”

“ओढायचं.”

“आणि तुटली तर?”

मिनिट भरलं. बोरस्त्यांनी पट्टी मोजपट्टीवर पन्नास मिलिमीटर पुढे घेतली. ती ताणली गेली, जराशी थरथरली आणि तुटली नाही. डॉ. मंजिरी खैरनारने रोखलेला श्वास सोडला, आणि पुढच्या मिनिटासाठी पुन्हा रोखून धरला.