खाचेचा पेला

गुणाजी दवाखान्याचा उंबरठा झाडत, त्यांचे चिरंजीव मारुती तेथेच पुड्या बांधत, आणि मारुतींचे बाबुराव मानपाड्याला औषधांच्या दुकानात उभे राहत. तीन पिढ्यांनी अशी डॉक्टरांची सावली राखली, तेव्हा कुठे बाबुरावांच्या पोटी सुशांत हा खराखुरा डॉक्टर निपजला! म्हणजे निपजत होता. इंटर्नशिप संपायला चार महिने उरले होते. मारुतींच्या पत्नी आवडाबाई, ठाकुर्लीच्या त्या घरातील सर्वसत्ताधीश, नातवाचा उल्लेख मात्र ‘आमचे डॉक्टर’ असाच करीत.

त्याच आवडाबाईंना खोकला झाला.

“आजी, टीबी वाटतोय,” सुशांत स्वतःच खोकत म्हणाला. “टेन्शन नको घेऊस! टीबी म्हणजे माझ्या हातचा मळ. खिडक्या बंद, वारा नको लागायला. आणि मम्मी, आजीचं ताट, पेला, सगळं आजपासून वेगळं!”

सून मंजुळा लगेच उठली. तिने माळ्यावरून पेला काढला. काठाला खाच पाडलेला. वेगळा ओळखू यावा म्हणून ती खाच आवडाबाईंनीच पाडली होती! पंधरा वर्षांपूर्वी मंजुळेला क्षय झाला, सहा महिन्यांत बराही झाला. पेला मात्र सहा वर्षे वेगळाच राहिला, आणि चहा त्यात वरून, न शिवता, अर्धाच पडे.

“त्या पेल्यात? मी?” आवडाबाईंनी चहाच सोडला!

चहावाचून डोके उठले, बंद खिडक्यांनी घराची भट्टी झाली. ज्या महिला मंडळाच्या त्या वीस वर्षे अध्यक्ष, त्याने ‘बाईंनी पूर्ण विश्रांती घ्यावी’ असा ठराव एकमताने केला. एकमताने! तेथे हळदीकुंकवाच्या वाणावरही कधी एकमत झाले नव्हते. वर मंडळानेच आरोग्य केंद्रात कळवले.

पाचव्या दिवशी केंद्रातल्या रतनताई आल्या आणि त्यांनी आधी खिडक्या उघडल्या.

“अहो डॉक्टर, ताटा-पेल्याने टीबी लागत नाही. हवेतून लागतो, आणि हवाच तुम्ही कोंडलीत! हे कुठल्या कॉलेजात शिकलात?”

“कॉलेजात नाही... घरीच बघितलेलं.”

आवडाबाईंनी पदर सारखा केला.

“आणि तुम्ही स्वतः केव्हापासून खोकताय?”

“मी? महिना झाला. पण तो एसीचा आहे!”

बेडका तपासायला आवडाबाईंसाठी आणलेल्या डबीशेजारी रतनताईंनी दुसरी डबी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाईंनी मुकाट बेडका दिला. डॉक्टरांनी दिली ती नुसती थुंकी! “ही लाळ आहे, डॉक्टर. छातीतून काढा!” रतनताई म्हणाल्या.

अहवाल आले. आवडाबाई निर्दोष. क्षय डॉक्टरांना!

सुशांतने पडल्या चेहऱ्याने खाचेचा पेला उचलला. आवडाबाई कडाडल्या, “ठेव तो! पेल्याने काही लागत नसतं. उगीच माणसाला वाळीत टाकायचं?”

मंजुळेने पेला त्याच्या हातून घेतला.

“खरं आहे, आई. पेल्याने काही लागत नसतं.”

तिने त्यात काठोकाठ चहा ओतला आणि सासूपुढे ठेवला.

आवडाबाईंनी पेला उचलला. खाच नेमकी ओठाला टोचली. शेवटच्या थेंबापर्यंत त्या प्याल्या, उठल्या, जन्मात प्रथमच स्वतःचा पेला स्वतः घासला आणि सर्वांच्या पेल्यांत उपडा घातला.

“फिटलं, आई,” मंजुळा म्हणाली. हसली मात्र नाही.