हृदय पसंती समिती

एका जंगलात सिंह उरला नव्हता, बाळांनो, नुसत्या समित्या उरल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत वक्तशीर म्हणजे हृदय पसंती समिती.

त्या जंगलात सुंद्रा नावाची अस्वलीण राहायची. तिचा नवरा भिमा हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात पडून होता. कूस बदलली तरी त्याला धाप लागे. नवं हृदय मिळालं नाही तर हा पुढची पौर्णिमा बघत नाही, असं साळू सिस्टरने सुंद्राला सांगून टाकलं होतं. साळू म्हणजे साळिंदर. गोड बोलणं तिच्या अंगातच नव्हतं.

मग एके सकाळी खंडू अस्वल मधाच्या नादात कड्यावरून पडलं. मेंदू कायमचा गेला, पण भात्याने श्वास दिल्यावर हृदय चालू राहिलं. खंडूची बायको रडत म्हणाली, "त्यांचं काळीज कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या."

समिती तासाभरात हजर. अध्यक्ष गेंडा, सचिव मोर. दोघे मुलगी बघायला आल्यासारखे ऐसपैस बसले, पोहे खाल्ले, आणि मग गेंड्याने खंडूच्या छातीला कान लावला.

"मरगळलेलं आहे," तो म्हणाला. "नापसंत."

दाराशी उभी असलेली सुंद्रा साळूकडे धावली.

"अध्यक्षसाहेब, ते घाबरलंय," साळू म्हणाली. "मेंदू मरताना सगळ्या अंगात हलकल्लोळ माजवतो. त्या धक्क्याने चांगलं हृदयसुद्धा गळाठतं. एक दिवस सांभाळलं तर पुष्कळदा सावरतं."

"फॉर्मवर पसंत आणि नापसंत असे दोनच रकाने आहेत. घाबरलेलं हा रकाना कुठाय?"

"गेल्या महिन्यात तुम्ही अशीच पाच हृदयं पुरलीत."

"पाचही वेळेत पुरली," गेंडा अभिमानाने म्हणाला.

नापसंतीवर दोन सह्या लागत. गेंड्याने आपली केली. पण मोर पोहे संपताच सटकला होता. शेजारच्या जंगलात त्याच्या पिसाऱ्याचा सत्कार होता, आणि सत्कार म्हटल्यावर भाषणं आलीच. दुसरी सही होईपर्यंत भाता बंद करता येईना. गेंडा चरफडत घरी गेला.

साळूने हृदयाला पळवणारी औषधं कमी केली, भाता चालू ठेवला आणि जवळ कुणाला फिरकू दिलं नाही. सुंद्रा दाराशी बसून राहिली. मोर तिला कधी आवडला नव्हता. आज मात्र ती मनात म्हणत होती, बोलू दे रे अजून दोघातिघांना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोर आला, गळ्यात हार घालून. सहीआधी कान लावायचा नियम होता. त्याने लावला आणि दचकला.

"साहेब, हे तर ठणठणीत आहे."

गेंड्यानेही ऐकलं. "कुणी बदललं?" त्याने विचारलं.

कुणीच बदललं नव्हतं. नाइलाजाने पसंतीवर शिक्का पडला. सर्जन सुतारपक्ष्याने हृदय बसवलं. पौर्णिमेला भिमा स्वतःच्या पायांनी ओढ्यावर गेला, आणि सुंद्रा त्याच्या मागे चालत पोटभर रडली.

समितीने मात्र या प्रकाराची गंभीर दखल घेतली. दिरंगाईपायी एक नापसंत हृदय हातचं गेलं होतं. असं पुन्हा घडू नये म्हणून मोराच्या सह्या आता कोऱ्या फॉर्मांवर आधीच घेऊन ठेवतात.

पुढचं हृदय एका हरणाचं आलं. ते अर्ध्या तासात पुरलं. ज्या पाडसाला ते बसवायचं होतं, त्याची आई दाराशीच होती. तिलाही निकाल वेळेत कळवला.

तात्पर्य: जीव वाचवायचा असेल, तर वक्तशीर मंडळींना आधी कुठेतरी सत्काराला धाडावं, आणि भाषणं लांबतील याची जातीने काळजी घ्यावी.